दुखत नाही, ही तक्रार

पाणीपुरवठा खात्याच्या तक्रार खिडकीवर बसणाऱ्या कारकुनाला खात्यात सगळे ‘कुलूप’ म्हणत. तोंडावर नाही, पण त्याला ते ठाऊक होतं आणि त्याची हरकतही नव्हती. नाव दोन कारणांनी पडलं होतं. एक म्हणजे त्याचं तोंड सहसा उघडत नसे. दुसरं म्हणजे त्याच्याकडे गेलेली तक्रार पुन्हा बाहेर येत नसे.

तोंड न उघडण्यात त्याचा दोष नव्हता. अकरा वर्षांपासून त्याच्या डाव्या गालातली एक नस बिघडली होती. दात घासताना, दाढी करताना, कधी नुसता पंख्याचा वारा लागला तरी कानापासून जबड्यापर्यंत वीज चमकून जाई. दोन-तीन सेकंदांचाच खेळ. पण त्या दोन-तीन सेकंदांत माणूस देवाला विसरे आणि त्याला डॉक्टर आठवे. पहिल्या दातांच्या डॉक्टरनं एक दाढ काढली. दुखणं राहिलं. दुसऱ्यानं शेजारची काढली आणि पहिल्यानं चुकीची काढली होती, असं सांगितलं. दुखणं तरीही राहिलं, फक्त त्याला आता ऐसपैस जागा झाली. मग गोळ्या सुरू झाल्या. गोळीनं दुखणं झोपे आणि त्याच्यासोबत कुलूपही झोपे. एकदा तर तो शिक्का हातात धरून खिडकीतच झोपला होता. रांगेतल्या लोकांनी आपापले अर्ज त्याच शिक्क्याखाली सरकवले आणि ते निघून गेले.

खिडकीपलीकडच्या माणसाला यातलं काही माहीत नसे. त्याला दिसे तो एरंडेल प्यायल्यासारखा एक चेहरा. तो चेहरा दिवसभर दोनच शब्द बोले: “अर्ज” आणि “सही”. असल्या माणसाशी हुज्जत घालून काही हाती लागणार नाही, हे बघताक्षणी कळे. खात्यातल्या बाकीच्या खिडक्यांवर लोक आवाज चढवत. या खिडकीवर ते आवाज उतरवत.

पण खरी करामत चेहऱ्याची नव्हती, कागदाची होती. तक्रारीच्या अर्जावर सहीसाठी दोन जागा होत्या. वर ‘तक्रार दाखल केली’ आणि खाली ‘तक्रारीचे निवारण झाले’. दोन्हींच्या पुढे कुलूप आधीच पेन्सिलीनं बारीक फुली मारून ठेवी. माणसाला फुली दिसली की त्याचा हात आपोआप तिकडे जातो. नळाला पाणी येवो न येवो, तक्रार दाखल झाली त्याच मिनिटाला निकाली निघे. महिन्याच्या शेवटी वर पाठवायच्या तक्त्यात ‘प्रलंबित’ या रकान्यात शून्य असे. हे शून्य सात वर्षं अढळ होतं. त्याबद्दल मोठ्या साहेबांना ढाल मिळाली होती आणि कुलपाला ती पुसायचं काम मिळालं होतं.

एकदा तर खात्यानं इतर संस्थांच्या कारकुनांसाठी प्रशिक्षण ठेवलं आणि कुलपाला एक तास बोलायला लावलं. दोन गोळ्या घेऊन तो उभा राहिला. फळ्यावर चौकोन आणि बाण काढून त्यानं अख्खी पद्धत समजावून सांगितली. टाळ्या झाल्या. फक्त एक गोष्ट त्यानं तिथे सांगितली नाही. एका शिवणकाम करणाऱ्या बाईनं त्याला हरवलं होतं, ती.

तर त्या गालातल्या इंजेक्शनची गोष्ट. ते घ्या म्हणून बायको त्याच्यामागे लागली होती. “अहो, घरात दोन माणसं,” ती म्हणायची, “आणि बोलणारी मी एकटी. भिंतीला तरी निदान प्रतिध्वनी असतो.” शेवटी ती त्याला एका मोठ्या दवाखान्याच्या वेदना विभागात घेऊन गेली. तिथला डॉक्टर हसतमुख, उमदा माणूस होता आणि सुईवर त्याचा फार जीव होता.

“काका, अगदी सोपं आहे,” तो म्हणाला. “नस बोंबलते ना? गालातून सुई घालायची, नसेच्या मुळाशी औषध सोडायचं, नस मेली. मेल्यावर बोंबलणार कोण?”

“आणि औषध दुसरीकडे गेलं तर?” बायकोनं विचारलं.

“काकू, ते सगळं कागदावर आहे,” असं म्हणून त्यानं नर्सला खूण केली.

नर्सनं कागदांचा गठ्ठा आणला. चार ठिकाणी पेन्सिलीच्या फुल्या होत्या. कुलपानं त्या पारखून पाहिल्या. बारीक, एकसारख्या, ओळीच्या किंचित वर. याला म्हणतात हात. खिशातलं पेन काढून त्यानं चारही ठिकाणी झरझर सह्या केल्या.

“अहो, वाचा तरी,” बायको म्हणाली.

“अगं, वाचायचा कागद वेगळा असतो,” तो जबडा न हलवता पुटपुटला. “हा सहीचा आहे.”

बावीस वर्षं दुसऱ्यांच्या सह्या घेतलेल्या माणसाला, आपलीही सही कुणी घेऊ शकतं, हे सुचलंच नाही.

सुई आत गेली, बाहेर आली. अर्ध्या तासानं डॉक्टरनं त्याच्या डाव्या गालावर टिचकी मारली. गेली अकरा वर्षं त्या गालावर माशी बसली असती तरी कुलूप खुर्चीतून उडाला असता. आता काही झालं नाही.

“दुखतंय?”

“नाही.”

“शून्य ते दहात सांगा.”

“शून्य.”

डॉक्टरनं कागदावर ठसठशीत शून्य काढलं. बायको मात्र नवऱ्याच्या तोंडाकडे बघत होती. डावी बाजू ओल्या कपड्यासारखी खाली लोंबत होती आणि तोंडाचा उजवा कोपरा वर ओढला गेला होता.

“डॉक्टर, यांचं तोंड वाकडं झालंय.”

“हां, औषध जरा इकडेतिकडे पसरलं असेल. दोन-चार महिन्यांत येईल जागेवर.”

“आणि नाही आलं तर?”

“दुखतंय का ते?”

“नाही,” कुलूप म्हणाला.

“बघा,” डॉक्टर म्हणाला आणि पुढच्या पेशंटकडे वळला.

घरी आल्यावर कुलपानं अकरा वर्षांत पहिल्यांदा दोन्ही बाजूंनी पोटभर जेवण केलं. जेवताना त्यानं आपला गाल चावला आणि त्याला कळलंही नाही. बायकोनं सदऱ्यावरचं रक्त दाखवलं तेव्हा तो आरशासमोर गेला. चहाचा घोट उजवीकडून आत जाई आणि डावीकडून बाहेर येई. पण दुखत नव्हतं. तो पंख्याखाली जाऊन उभा राहिला, डावा गाल वर करून, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणजे उजव्या डोळ्यात आलं. डावा कोरडाच होता.

“तुम्ही मला डोळा मारताय का?” बायकोनं विचारलं.

“छे.”

“मग आत्ता काय केलंत?”

तेव्हा दोघांच्या लक्षात आलं. डाव्या डोळ्याची पापणी मिटतच नव्हती. त्यानं डोळे मिचकावले की एकटा उजवा मिटे, आणि तोंडाचा तोच कोपरा वर गेलेला असल्यामुळे ते अगदी मुरलेल्या माणसानं डोळा मारल्यासारखं दिसे. मिनिटाला बारा-पंधरा वेळा.

“तीस वर्षांच्या संसारात एकदा मारला नाहीत,” बायको म्हणाली, “आणि आता सगळी थकबाकी एका दिवसात चुकती करताय.”

दुसऱ्या दिवशी तो खिडकीवर बसला. पहिला आला तो एक न्हावी. दुकानाच्या नळाला आठवडाभर पाणी नव्हतं.

“पंधरा दिवसांत होईल,” कुलूप म्हणाला आणि त्याचा डोळा मिटला.

न्हाव्यानं क्षणभर त्याच्याकडे रोखून पाहिलं. मग त्याचाही चेहरा उजळला. आजूबाजूला बघून त्यानं हळूच स्वतःचा डोळा मारला. “समजलं साहेब,” तो कुजबुजला. दोन्ही सह्या करून तो तरातरा निघून गेला.

मग हे रोजचंच झालं. कुलूप सांगे, “या भागात जलवाहिनीच नाही.” आणि डोळा मिटे. “हे आमच्या अखत्यारीत येत नाही.” डोळा मिटे. माणसं हसत परत जात. कुलपासारखा कडक माणूस आपल्याला गुपचूप काहीतरी सांगतो आहे, म्हणजे आतून काम होणार, याबद्दल कुणाला शंकाच राहिली नाही. मोठे साहेब आपल्या खोलीबाहेर येऊन रांग बघून गेले. “या खिडकीवर लोक खूश होताना मी प्रथमच पाहतोय,” ते म्हणाले. “काय केलंत काय?”

“इंजेक्शन घेतलं,” कुलूप म्हणाला आणि साहेबांनाही डोळा मारला. साहेब विचारात पडले.

दहा दिवसांनी न्हावी परत आला. त्याच्यामागे आणखी आठ-दहा जण होते.

“तुम्ही डोळा मारला होता,” न्हावी म्हणाला.

“तो आजार आहे.”

“आजारच असणार. नाहीतर सरकारी माणूस कशाला आमच्याकडे बघून डोळा मारेल? पाणी कुठंय?”

एका शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंनी तर याच विषयावर लेखी तक्रार दिली: खिडकीवरील कर्मचारी असभ्य खाणाखुणा करतो. कुलपानं ती शांतपणे दाखल करून घेतली, दोन फुल्या मारल्या आणि बाईंच्या दोन सह्या घेतल्या. आपल्याविरुद्धची तक्रार आपणच निकाली काढताना त्याला थोडं समाधानही वाटलं. विद्या शाबूत होती.

डोळा लाल झाला आहे हे आधी बायकोनं पाहिलं. त्याला काही जाणवत नव्हतं. दोन दिवसांनी बुबुळावर तिला राखाडी ठिपका दिसला तेव्हा तिनं त्याला हाताला धरून गल्लीतल्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्या वयस्कर होत्या आणि गोड बोलण्याचं वय त्यांनी कधीच मागे टाकलं होतं.

“बुबुळाला जखम झालीय,” त्या दिवा बंद करत म्हणाल्या. “पापणी मिटत नाही म्हणून ते सुकतंय. आणि तुमच्या त्या सुईनं डोळाही बधिर केलाय, म्हणून तुम्हाला पत्ता नाही. धूळ गेली, केस गेला, तुम्ही आपले मजेत. दुखलं असतं तर पहिल्याच दिवशी धावत आला असतात.”

“दुखत नाही,” कुलूप सवयीनं म्हणाला.

“तेच तर सांगतेय. न दुखणं हाच तुमचा रोग आहे.” त्यांनी थेंबांची बाटली आणि चिकटपट्टी पुढे केली. “हे तात्पुरतं. पापण्यांना कडेला टाके घालून डोळा अर्धा मिटवायला हवा, म्हणजे बुबुळ झाकलं जाईल. माझ्याकडे ती सोय नाही. जिथे सुई टोचली तिथेच डोळ्यांचा विभाग आहे, तिथे जा. दुसऱ्यानं बिघडवलेल्या जागेला बाहेर कुणी हात लावायचा नाही. आणि आठ दिवसांच्या आत. त्यानंतर हा डोळा तुम्हाला दिवस आहे की रात्र एवढंच सांगेल.”

दुसऱ्या दिवशी सकाळीच नवरा-बायको दवाखान्यात हजर झाले. शिरल्या शिरल्या भिंतीवर मोठा फलक होता: ‘प्रलंबित तक्रारी: ०’. कुलपानं मान डोलावली. डोळ्यांच्या विभागात सांगण्यात आलं की वेदना विभागातून आलेल्या पेशंटनं ‘गुंतागुंत’ असं लिहिलेली चिठ्ठी आणायची; त्याशिवाय टाका घालता येत नाही. ते वेदना विभागात गेले.

“गुंतागुंत?” डॉक्टरनं हा शब्द एखाद्या दूरच्या नातेवाइकासारखा उच्चारला. “काका, आमच्याकडे तीन वर्षांत एकही गुंतागुंत झालेली नाही. तुमची फाइल बघा. वेदना शून्य. तुमच्या सहीचं समाधानपत्र आहे. समाधानी पेशंटला गुंतागुंत कशी होईल?”

“समाधानपत्र कधी दिलं?”

डॉक्टरनं फाइल फिरवली. चौथी फुली. ‘उपचारांनी माझे पूर्ण समाधान झाले असून माझी कोणतीही तक्रार नाही.’ खाली कुलपाची सही, नेहमीसारखी, शेवटच्या अक्षराला शेपूट असलेली. सुई टोचायच्या आधी अर्धा तास केलेली.

“सहीचा कागद,” बायको शांतपणे म्हणाली. एवढंच म्हणाली. तीस वर्षांत तिचं बोलणं इतकं लागलं नव्हतं.

तक्रार विभाग तिसऱ्या मजल्यावर होता. काचेमागे चष्मा लावलेली एक बाई बसली होती. तिनं अर्ज पुढे सरकवला. दोन जागा, दोन फुल्या. तिच्यामागच्या भिंतीवर प्लॅस्टिकमध्ये घातलेला एक तक्ता लटकत होता: चौकोन आणि बाण. तिसऱ्या चौकोनातून निघालेला बाण जरा तिरका गेला होता. तो तिरका का गेला हे कुलपाला माहीत होतं. फळ्यावर तो काढतानाच त्याच्या गालात वीज चमकली होती.

“सर?” बाई उठून उभी राहिली. “तुम्ही पाणीपुरवठ्याचे ना? मी तुमच्या तासाला होते. दुसऱ्या रांगेत. मी सगळं जसंच्या तसं उतरवून घेतलं होतं.”

“बाणासकट,” कुलूप म्हणाला.

“तुमच्यामुळे आमचा आकडा चार वर्षं शून्य आहे, सर.” तिनं आदरानं खुर्ची दिली. मग त्याची गोष्ट ऐकून होईपर्यंत तो आदर तसाच राहिला, पण तिचा हात अर्जावरून हलला नाही. “तुमचं समाधानपत्र आहे हो, सर. बंद झालेली फाइल परत उघडायची पद्धत...”

“कोणता चौकोन?”

“तसा चौकोनच नाहीये. मी तेव्हा हात वर करून विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, दार ठेवलं की कुणीतरी ठोठावतं, म्हणून दारच ठेवायचं नाही.”

उत्तर चोख होतं. क्षणभर कुलपाला अभिमान वाटला. मग त्यानं उजवा डोळा हातानं झाकला आणि एकट्या डाव्यानं समोरच्या घड्याळाकडे पाहिलं. काटे दिसत होते. आकडे पुसट झाले होते.

“गुरूची विद्या गुरूला,” बायको जिना उतरताना म्हणाली. “आता काय?”

कुलपाला शिवणकाम करणारी बाई आठवत होती. नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. तिच्या घरी गढूळ पाणी येई. तिनं अर्ज दिला, वर सही केली आणि खाली फुलीकडे बोट दाखवून विचारलं, “झालं का निवारण?” तो म्हणाला, होईल. ती म्हणाली, “मग झाल्यावर करते.” दुसऱ्या दिवशी येऊन तिनं तीच तक्रार नव्या अर्जावर दिली. तिसऱ्या दिवशी पुन्हा. भांडण नाही, आवाज नाही. बाकावर बसून ती काज करत राही आणि शेजारचा विचारी तेव्हा त्याला सांगे, खालची सही झाल्यावर करायची असते. अकराव्या दिवशी प्रलंबित रकान्यात अकरा नाही, सव्वीस आकडा झाला होता. बाराव्या दिवशी मोठ्या साहेबांनी स्वतः उभं राहून तिची जलवाहिनी बदलून दिली होती.

सोमवारी कुलपानं रजा टाकली आणि काचेसमोर अर्ज भरला. तक्रारीचा तपशील या जागी त्यानं लिहिलं: ‘माझा डावा डोळा दुखत नाही.’

बाईनं ते दोनदा वाचलं. “सर, ही तक्रार आहे?”

“हो.”

“पण याचं निवारण काय लिहू? ‘रुग्णास आता दुखते’?”

“लिहा. आणि डॉक्टरांची सही आणा.”

त्यानं वर सही केली, खाली केली नाही आणि बाकावर जाऊन बसला. बायकोनं पिशवीतून थेंबांची बाटली काढली आणि दर तासाला थेंब घालू लागली. खाली दारातल्या फलकावर संध्याकाळी एक आकडा लागला. तो लावणाऱ्या माणसाला आधी एकचा पत्रा शोधावा लागला, कारण तो चार वर्षांत वापरलेलाच नव्हता.

मंगळवारी दोन. घड्याळाचे काटे आता एकमेकांत मिसळले होते. बायको म्हणाली, “हे असं रोज एकेक करत बसलात तर तोवर डोळा जाईल.”

तिचं खरं होतं. शिवणकामवालीला बारा दिवस लागले होते. त्याच्याकडे पाच उरले होते. तिच्या पद्धतीतला दुसरा भाग राहिला होता आणि तो करायला कुलपाचं मन धजत नव्हतं. चार माणसांत तोंड उघडून आपल्या धंद्याचं गुपित सांगायचं म्हणजे कुंपणानंच शेत खाल्ल्यासारखं होतं. बावीस वर्षांत त्यानं ते बायकोलाही सांगितलं नव्हतं.

बुधवारी बाकावर त्याच्या शेजारी एक बसचालक येऊन बसला. गुडघ्यात इंजेक्शन घेतल्यापासून त्याचा पाय सुजला होता. हातात अर्ज, अर्जावर दोन फुल्या. त्यानं पेन उघडलं, सहज शेजारी पाहिलं आणि कुलपाचा डोळा मिटला.

बसचालक थांबला. “काय?”

“काही नाही.”

डोळा पुन्हा मिटला.

“नाही कसं? तुम्ही खूण केलीत.” त्यानं अर्जाकडे पाहिलं, मग काचेकडे, मग आवाज खाली आणला. “सही करू नको म्हणताय?”

कुलपानं बायकोकडे पाहिलं. ती बाटलीचं टोपण लावत होती आणि मुद्दाम दुसरीकडे बघत होती. समोरचं घड्याळ डाव्या डोळ्याला आता नुसतं पांढरं वर्तुळ दिसत होतं.

“वरची करा,” तो म्हणाला. एकदा तोंड उघडल्यावर पुढचं सोपं गेलं, कारण दुखत नव्हतं. “खालची करू नका. खालची सही म्हणजे पाय बरा झाला. आणि उद्या परत या, नवीन अर्ज भरा.”

“तुम्हाला कसं माहीत?”

“तो तक्ता मी काढलाय.”

एवढी ओळख पुरेशी होती. बसचालकानं पलीकडच्याला सांगितलं, त्यानं त्याच्या बहिणीला. दुपारपर्यंत सगळ्या बाकाला कळलं होतं की अर्धा चेहरा पडलेला एक मोठा साहेब वेष पालटून बसला आहे आणि डोळ्यानं खुणा करून लोकांना वाचवतो आहे. ज्यांना त्याच्यापर्यंत पोचता येत नव्हतं ते लांबूनच त्याच्याकडे बघत, तो डोळा मारी, आणि ते मान डोलावून खालची जागा कोरी सोडत. खिडकीवर ज्या डोळ्यानं सतरा माणसं फसली होती, तोच आता खरं बोलत होता. बुधवारी फलकावर एकोणीस झाले. गुरुवारी दुपारी पत्र्याचे आकडे संपले आणि त्यांनी खडूनं बेचाळीस लिहिले.

काचेमागची बाई दोनदा उठून बाहेर आली. “सर, पुढच्या आठवड्यात मानांकनाचे तपासनीस येणार आहेत,” ती म्हणाली. “हे तुम्ही आम्हाला शिकवलं नव्हतं.”

“नव्हतं,” कुलूप म्हणाला. “आता लिहून घ्या.”

तिनं खरंच खिशातून पेन काढलं. मग काही सुचून तिनं ते परत ठेवलं आणि वरच्या मजल्यावर फोन लावला.

शुक्रवारी सकाळी दवाखान्याचे अधीक्षक स्वतः तिसऱ्या मजल्यावर उतरले. त्यांच्यामागे सुईवाला डॉक्टर होता, आज हसत नव्हता. अधीक्षकांनी कुलपाचे पाचही अर्ज एकापाठोपाठ वाचले. पाचही सारखेच होते.

“तुमची मागणी काय आहे?”

“चिठ्ठीवर एक शब्द.”

डॉक्टर म्हणाला, “सर, पण वेदना शून्य आहे. हा विभागाचा सर्वोत्तम निकाल आहे. गुंतागुंत लिहिलं तर तीन वर्षांचं...”

“तुमचं शून्य ठेवायचं की दारावरचं?” अधीक्षकांनी विचारलं.

डॉक्टरनं लिहिलं. अक्षर इतकं बारीक काढलं की डोळ्यांच्या विभागात भिंग लावून वाचावं लागलं. दुपारी टाके पडले. भूल द्यायची गरज नाही, असं आधीच ठरलं होतं, कारण पापणी बधिरच होती. सुई आत-बाहेर होताना कुलूप नुसता पडून राहिला. टाके घालणाऱ्या डॉक्टरनं सांगितलं की बुबुळ फाटता फाटता वाचलं. डाग राहील, त्या डोळ्याला जग कायम धुक्यातलं दिसेल, पण दिसेल. आणखी चार दिवस गेले असते तर तेही नाही. आणि नस वर्षा-दीड वर्षात पुन्हा जिवंत होऊ शकते. तेव्हा इंजेक्शन परत घ्यायचं की नाही, ते ज्याचं त्यानं ठरवायचं.

“म्हणजे परत दुखेल?” कुलपानं विचारलं.

“दुखू शकतं.”

बायकोनं त्याचा हात दाबला. तो भीतीनं दाबला की आनंदानं, हे त्याला त्या वेळी कळलं नाही आणि त्यानं विचारलंही नाही.

टाके पडल्यावर डोळा मारणं बंद झालं. डावा डोळा सदाच अर्धा मिटलेला, उजवा मिटला तरी फारसा फरक दिसेना. पंधरा दिवसांनी तो खिडकीवर परत बसला तेव्हा तोंडही बरंचसं सरळ झालं होतं आणि तो नुसताच झोपाळू दिसत होता. साहेबांनी समाधान व्यक्त केलं. रांग लागली होती. कुलपानं पेन्सिल घेतली आणि हाताच्या सवयीनं पहिल्या अर्जावर दोन फुल्या मारल्या.

पुढे बसचालक उभा होता. गुडघ्याला पट्टा, हातात काठी. त्यानं काचेतून वाकून पाहिलं, पण चेहरा ओळखला नाही. न मिटणारा डोळा आणि वाकडं हसू त्याच्या लक्षात राहिलं होतं, बाकी माणूस नव्हता. त्यानं वर सही केली आणि पेनाला टोपण लावलं.

“सही,” कुलूप खालच्या फुलीवर बोट ठेवून म्हणाला.

“ती काम झाल्यावर करतात.”

“कोणी सांगितलं?”

“दवाखान्यात एक साहेब भेटले होते. फार मोठा माणूस. हा तक्ता त्यांनीच काढलाय.” त्यानं कुलपाच्या डोक्यामागे भिंतीवर लटकणाऱ्या तसल्याच चौकोन-बाणांच्या तक्त्याकडे बोट दाखवलं. मग मागे वळून रांगेला म्हणाला, “खालची करू नका रे कोणी.”

मागे न्हावी उभा होता. त्याच्या मागे मुख्याध्यापिकाबाई होत्या. दोघांनी आपापल्या पेनांना टोपणं लावली.

कुलूप अर्जाकडे बघत राहिला. असा अर्ज ठेवायला त्याच्याकडे जागा नव्हती. सात वर्षांत लागलीच नव्हती. शेवटी त्यानं खालचा खण उघडला, ढाल पुसायचं फडकं बाहेर काढलं आणि एक कोरी फाइल शोधून काढली. वर नाव लिहायला घेतलं तर डाव्या डोळ्यानं अक्षरं धुक्यात गेली. मग मान जरा वळवून, उजव्या डोळ्यानं, सावकाश त्यानं लिहिलं: प्रलंबित.

मोठे साहेब नेमके तिथून जात होते. “हे काय?”

“फाइल.”

“आपल्याकडे प्रलंबित काही नसतं.”

“आजपासून आहे,” कुलूप म्हणाला, आणि खोडरबर घेऊन पुढच्या अर्जावरची खालची फुली पुसू लागला. बावीस वर्षांचा पेन्सिलीचा हात होता. नीट पुसली जायला वेळ लागला. रांग थांबली होती, पेनांना टोपणं लावून.